एका मिलिमीटरचे कडे

परंपरा आणि नवता यांच्या नात्याविषयी आपण बोलतो तेव्हा उदाहरणे बहुधा ग्रंथांची किंवा वाङ्मयीन चळवळींची देतो. हेच नाते एखाद्या उपकरणाच्या इतिहासात अधिक काटेकोरपणे तपासता येते. कारण जुने नव्याशी जुळले की नाही, हे तिथे मोजून पाहता येते. प्रस्तुत लेखासाठी असे एक उदाहरण निवडले आहे. लायका कॅमेऱ्याच्या आट्यांच्या, म्हणजे स्क्रू माउंटच्या, जुन्या लेन्स पुढच्या पिढीच्या कॅमेऱ्यावर बसवायच्या, तर मध्ये एक धातूचे कडे लागते. त्याला अडॅप्टर म्हणतात. त्याची परिणामकारक जाडी एक मिलिमीटर. हा एक मिलिमीटर कुठून आला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झचा कारखाना मुळात सूक्ष्मदर्शकांचा. तेथील ऑस्कर बारनाक यांनी ३५ मिमी चित्रपटफिल्म वापरणारा छोटा कॅमेरा घडवला आणि १९२५ च्या लाइपझिग जत्रेत तो लायका या नावाने लोकांसमोर आला. त्याची लेन्स मॅक्स बेरेक यांनी रचली होती आणि ती कॅमेऱ्याला कायमची जोडलेली होती. १९३० साली लेन्स काढता-घालता येण्याची सोय झाली. त्यासाठी निवडलेल्या आट्यांचे माप मोठे चमत्कारिक आहे : व्यास ३९ मिलिमीटर, पण आटे मात्र इंचाला २६, इंग्लिश व्हिटवर्थ पद्धतीचे. सूक्ष्मदर्शकाच्या वस्तुभिंगांसाठी इंग्लंडात ठरलेले इंची आटे तोवर सर्वत्र रूढ होते. त्यामुळे लाइट्झच्या कारागिरांना ही मिश्र भाषा परकी वाटली नसावी.

तथापि १९३० ची ही सोय अर्धवट होती. प्रत्येक लेन्स एका विशिष्ट कॅमेऱ्याशी हाताने जुळवली जाई आणि त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे आकडे लेन्सवर कोरले जात. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ती बसे, पण तिचा फोकस बरोबर येईल याची खात्री नसे. कारण आटे जुळणे ही केवळ दिसणारी गोष्ट आहे. लेन्स ज्या पृष्ठावर टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचे न दिसणारे अंतर खरे महत्त्वाचे. पन्नास मिलिमीटरची लेन्स अनंतावर लावलेली असताना ती एका मिलिमीटरने पुढे सरकली, तर तिचा फोकस अवघ्या अडीच मीटरवर येऊन थांबतो आणि क्षितिज धूसर होते. १९३१ मध्ये लाइट्झने हे अंतर २८.८ मिलिमीटर असे निश्चित केले आणि प्रमाणित माउंटवर शून्याचा आकडा कोरला. त्या शून्याचा अर्थ इतकाच, की ही लेन्स आता कोणा एका कॅमेऱ्याची राहिलेली नाही. १९३२ च्या लायका २ मध्ये रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, लेन्सशी जोडला गेला. खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणल्या की फोकस साधतो. त्यासाठी लेन्सची मागची कड कॅमेऱ्यातील एक दांडा पुढेमागे करते. अंतराच्या कराराला अशा रीतीने गतीच्या कराराचीही जोड मिळाली.

नक्कल म्हणजे काय, हे समजून घ्यायला याच काळातील एक सोविएत प्रकरण उपयोगी आहे. युक्रेनमधील खारकिव्ह येथे निराधार मुलांची एक श्रमवसाहत होती. सोविएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याचे नाव तिला दिलेले होते आणि शिक्षणतज्ज्ञ व लेखक अंतोन माकारेन्को तिच्या प्रमुखपदी होते. विजेच्या ड्रिल यंत्रांपाठोपाठ तेथील मुलांनी १९३४ पासून लायकाची नक्कल बनवायला घेतली. झेर्झिन्स्कीच्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्या कॅमेऱ्याला ‘फेद’ म्हटले गेले. माकारेन्को यांची ‘मनोऱ्यांवरील ध्वज’ ही १९३८ ची कादंबरी याच वसाहतीच्या अनुभवावर आधारलेली आहे. अनाथ मुलांनी इतके सूक्ष्म यंत्र घडवावे, ही कामगिरी लहान नव्हे. परंतु युद्धपूर्व फेदच्या लेन्स आपापल्या कॅमेऱ्याशीच जुळवलेल्या असत. लायकाचे रूप हाती आले होते. १९३१ चे ते शून्य मात्र यायचे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन पेटंटे दोस्त राष्ट्रांनी जप्त केली आणि हे आटे कोणाच्याच मालकीचे उरले नाहीत. इंग्लंडात रीड, अमेरिकेत कार्डन, सोविएत संघात फेदबरोबर झॉर्की, जपानात कॅनन, निक्का, लिओटॅक्स अशा अनेक कॅमेऱ्यांनी ते वापरले. एका कंपनीची खासगी लिपी जणू सार्वजनिक लिपी झाली. तिचा सर्वात मोठा लाभ ज्यांना झाला त्यांत निप्पॉन कोगाकू ही जपानी कंपनी होती. १९५० मध्ये टोकियोत ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांचे छायाचित्र मिकी जुन या तरुण जपानी छायाचित्रकाराने ८५ मिमीच्या निक्कॉर लेन्सने टिपले. त्याची प्रत पाहून डंकन चकित झाले आणि थेट कारखान्यात जाऊन पोहोचले. लगोलग कोरियाचे युद्ध सुरू झाले. डंकन यांनी तेथील छायाचित्रे आपल्या लायका कॅमेऱ्यांवर निक्कॉर लेन्स चढवून घेतली. जर्मन कॅमेऱ्यावर जपानी लेन्स बसू शकली ती समान आट्यांमुळे. जपानी प्रकाशशास्त्राची कीर्ती पाश्चात्त्य जगात पसरायला अशी सुरुवात झाली.

१९५४ मध्ये लायकाने ‘एम ३’ हा नवा कॅमेरा आणला आणि आटेच सोडून दिले. घाईच्या वेळी लेन्स फेऱ्यांमागून फेरे देत बसवणे त्रासाचे होते. नव्या बायोनेट माउंटमध्ये ती एका छोट्या वळणाने अडकते. इथे जुन्या लेन्स निकालात काढणे कंपनीला सहज शक्य होते. तसे झाले नाही. नव्या माउंटचे अंतर २७.८ मिलिमीटर ठेवले गेले, जुन्यापेक्षा बरोबर एक मिलिमीटर कमी. आणि तोंड इतके रुंद, की ३९ मिलिमीटरचे आटे त्यात सामावावेत. एक मिलिमीटरचे कडे घातले की जुनी लेन्स फिल्मपासून पूर्वीच्याच अंतरावर येते आणि तिची मागची कडही अंतरमापकाच्या दांड्याला पूर्वीसारखीच भिडते. नव्याची आखणी करतानाच जुन्यासाठी जागा राखून ठेवली होती.

कड्याचे आणखी एक काम आहे. एम ३ च्या खिडकीत ५० मिमीची चौकट कायम दिसते. ९० किंवा १३५ मिमीची लेन्स लावली, की तिची चौकट आपोआप उमटते. ही सूचना बायोनेटची कड देते. जुन्या लेन्सना ती देता येत नाही, म्हणून वेगवेगळ्या चौकटींसाठी वेगवेगळी कडी बनवली गेली. चुकीचे कडे लावले तरी छायाचित्र स्पष्टच येते. फक्त चौकट दिशाभूल करते.

हा मार्ग एकेरी आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसवायची, तर जुन्या कॅमेऱ्याचा एक मिलिमीटर खरवडून काढावा लागेल. शिवाय आटे जुळले म्हणजे सर्व जुळले, असेही नाही. सोविएत ‘झेनित’ या आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या लेन्सचाही व्यास ३९ मिलिमीटरच होता, पण त्या ४५.२ मिलिमीटर अंतरासाठी घडवलेल्या होत्या. रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर त्या बसतात, मात्र फोकस कुठेच साधत नाही. युपिटर लेन्सची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. त्यांची अंतरे जवळपास जुळतात, तरी लायकावर जवळच्या वस्तूचे चित्र पूर्ण उघड्या छिद्राने घेताना फोकस अनेकदा किंचित सरकतो. एकाच लिपीत दोन भाषा लिहिल्या जाव्यात, तशातला हा प्रकार.

आट्यांचा शेवटचा लायका, ‘३ जी’, १९५७ सालचा. पण कड्यामुळे त्या लेन्सचे आयुष्य कॅमेऱ्यांच्या आयुष्याशी बांधलेले राहिले नाही. १९९९ मध्ये जपानच्या कोसिना कंपनीने फोक्टलेंडर या जुन्या नावाने आट्यांच्या नव्या लेन्स बाजारात आणल्या. त्या घेणाऱ्या कित्येकांकडे बायोनेटचेच कॅमेरे होते. २००४ चा एप्सन आर-डी १ आणि २००६ चा लायका एम ८ हे डिजिटल रेंजफाइंडर आले, तेव्हाही १९३०च्या दशकातील लेन्स त्याच कड्याने त्यांवर बसल्या. फिल्म गेली, तिच्या जागी संवेदक आला, २७.८ चे अंतर कायम राहिले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातून काय घेता येईल? जुने टिकते ते केवळ त्याच्या गुणवत्तेमुळे किंवा आपल्या श्रद्धेमुळे, असे आपण धरून चालतो. या इतिहासात जुने टिकले ते दोन वेगवेगळ्या निर्णयांमुळे. १९३१ मध्ये ते इतरांना वापरता येईल इतके नियमबद्ध केले गेले, आणि १९५४ मध्ये नव्याने स्वतःला एक मिलिमीटरने आखडून घेतले. पहिला निर्णय नसता, तर दुसऱ्याला अर्थ उरला नसता. कारण हाताने जुळवलेल्या लेन्सचे कडे प्रत्येकीसाठी वेगळे घडवावे लागले असते. आपल्या पाठ्यक्रमांतून, शब्दकोशांतून आणि लेखनाच्या नियमांतून जुने मजकूर नव्या वाचकांपर्यंत नेताना या दोहोंपैकी कोणते काम आपण केले आहे आणि कोणते राहून गेले आहे, हे एकदा तपासून पाहायला हरकत नाही.