रोपवाटिकेच्या कमानी : जीआय पाइप न चेपता घरीच कसा वाकवावा?

भाजीपाल्याच्या गादीवाफ्यावर कीडरोधक जाळी किंवा प्लॅस्टिक टाकण्यासाठी कमानी लागतात. अर्धा इंची जीआय पाइप घेऊन त्या घरीच करता येतात. पण पाइप गुडघ्यावर किंवा झाडाच्या बेचक्यात धरून ओढला, की एकाच जागी घडी पडते. घडीच्या जागी पाइपची ताकद जाते आणि जोराचा वारा आला की कमान तिथेच मोडते.

पाइप का चेपतो?
वाकवताना पाइपची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. सगळा जोर एका ठिकाणी आला, तर पोकळ पाइप तिथे चपटा होतो. म्हणून वाक संपूर्ण लांबीवर सारखा विभागला गेला पाहिजे.

आधी माप काढा
अर्धगोल कमानीची लांबी = दोन पायांतील अंतर × १.५७. अंतर ९० सेंमी असेल, तर लांबी सुमारे १४१ सेंमी येते. दोन्ही बाजूंना जमिनीत गाडण्यासाठी ३०-३० सेंमी धरा. एकूण सुमारे २ मीटर. म्हणजे ६ मीटरच्या एका पाइपमध्ये तीन कमानी बसतात.

साचा तयार करा
- जाड प्लायवूडचा अर्धगोल कापून भक्कम फळीवर पक्का बसवा.
- सोडल्यावर पाइप थोडा परत उघडतो. त्यामुळे ४५ सेंमी त्रिज्येच्या कमानीसाठी साचा सुमारे ४२ सेंमी त्रिज्येचा ठेवा. पहिली कमान वाकवून मोजा, मगच बाकीच्या करा.
- साच्याच्या एका टोकाला पाइप अडकवण्यासाठी लाकडी ठोकळा ठोका.

वाकवण्याची पद्धत
१. पाइप पातळ असेल तर एका टोकाला लाकडी गुट्टी मारा. चाळलेली, पूर्ण कोरडी बारीक वाळू थोडी थोडी भरा. पाइपवर हलके ठोकत राहा, म्हणजे आत पोकळी राहणार नाही. मग दुसऱ्या टोकालाही गुट्टी मारा.
२. पाइपवरील जोडाची रेघ वाकाच्या आत किंवा बाहेर येऊ देऊ नका, ती बाजूला ठेवा.
३. एक टोक ठोकळ्यात अडकवा. मोकळ्या टोकावर मोठ्या पाइपचा तुकडा चढवून सावकाश, झटका न देता ओढा. पाइप साच्याला टेकत गेला पाहिजे.
४. वाळू काढून टाका आणि कापलेल्या कडा कानशीने घासा, नाहीतर जाळी फाटते.

हे करू नका
- जीआय पाइप भट्टीत किंवा गॅसवर तापवू नका. वरचा जस्ताचा थर जळून विषारी धूर होतो. तो श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप येतो. शिवाय थर गेल्याने पाइपला गंज लवकर चढतो.
- ओली वाळू भरलेला, दोन्ही टोके बंद असलेला कोणताही पाइप तापवू नका. आत वाफ कोंडून गुट्टी गोळीसारखी उडते.
- घडी पडलेला पाइप हातोडीने सरळ करून कमानीला वापरू नका. तेवढा भाग कापून उरलेल्या तुकड्याचे खुंट करा.

वाकावर जस्ताचा थर तडकलेला दिसला, तर तिथे जस्तयुक्त रंगाचा हात द्या.