युद्धकाळातील स्त्रीश्रम : मिरकरवाडा व रत्नागिरी किनारा

घरचे पुरुष लढाईवर किंवा आगबोटीवर गेले असता घर, शेत आणि मासळीचा व्यवहार चालता ठेवणाऱ्या बायकांचे काम. मिरकरवाडा हे रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याजवळचे मच्छीमार बंदर. महायुद्धांत विलायतेतील स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तसे कारखाने नव्हतेच. इथे रोजचेच काम एकटीच्या अंगावर आले.

पहिल्या महायुद्धात कोकणी मराठ्यांचा भरणा असलेल्या 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी कुट येथील फौज तुर्कांना शरण गेली आणि त्यांतले अनेकजण कैदेत पडले. पुढे महिना-दीड महिन्यात इकडे कोकणात पाऊस आला. पेरणी-लावणी कुणासाठी खोळंबत नाही.

मच्छीमार घरांत समुद्र पुरुषांचा आणि किनाऱ्याला लागलेली मासळी बहुतांशी बायकांची. बांगड्याचे पोट फाडायचे, आतडी काढून तो धुवायचा, खडे मीठ भरून थरावर थर रचायचे. मग उन्हात पसरायचा, उलटायचा, कावळ्या-कुत्र्यांपासून राखायचा. पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणे, सुक्या मासळीच्या बदल्यात भात आणणे आणि पावसाआधी आगोटीची बेगमी करणे हेही त्यांच्याकडेच. कर्त्या पुरुषाची मिळकत अडली की चूल याच कामावर पेटे.

दुसऱ्या महायुद्धात मार्च 1942 मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशी तांदळाची आवक थांबली. रत्नागिरी हा मुळात भाताच्या तुटीचा जिल्हा. नाचणी, वरी, सुके मासे यांवर घर निभावून नेणे आले. त्याच वेळी कोकणातले खलाशी पाणबुड्यांच्या माऱ्यातून बोटी हाकत होते. घरी मनीऑर्डर आली की माणूस खुशाल आहे असे समजायचे. मुंबई व चितगाव येथील स्मृतिनोंदींत त्या युद्धात मृत्यू पावलेल्या सुमारे 6,000 भारतीय व्यापारी नाविकांची नावे आहेत.

1942 साली लष्कराच्या मदतीसाठी उभारलेल्या विमेन्स ऑक्झिलरी कोअरमधील स्त्रियांना गणवेश आणि पगार होता, म्हणून त्यांची दप्तरी नोंद राहिली. मासळी खारवणारीचे आणि लावणी करणारीचे श्रम युद्धकार्यात धरले गेले नाहीत. युद्ध-इतिहासातली ही गंभीर उणीव आहे. पुरुष परगावी आणि बायका घरी ही कोकणची घडी युद्धानंतरही टिकली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वाधिक होते.