ताट वेगळे करून क्षय थांबत नाही

महालातल्या गल्लीत कुणाला क्षय झाल्याचे कळले, की आधी त्याचे ताट-पेला वेगळे होतात. पुढे औषधे लागू पडली नाहीत, तर 'गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील' हा निकाल तयारच असतो. ताट वेगळे होणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

याच महालाशेजारी, जुम्मा तलावाच्या काठी, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. आपल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटली. तिकडे मुंबईच्या गिरण्यांत मात्र साळखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्या थुंकीचा विटाळ सवर्ण कामगारांना होई. (जास्त मजुरी त्याच खात्यात होती, हा काही योगायोग नव्हे.) १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. रॉबर्ट कॉकने क्षयाचा जंतू दाखवून तेव्हा ४६ वर्षे झाली होती. गिरणीत अजून थुंकीतली जातच शोधली जात होती.

क्षय ताटातून पसरत नाही. खोकल्याबरोबर जंतू हवेत येतो आणि कोंदट खोलीत तासन्तास तरंगत राहतो. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या प्रयोगात घरीच औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना, सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त धोका आढळला नाही. तरी ताट वेगळेच!

आता औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे बघू. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधे निकामी ठरली की त्याला एमडीआर म्हणतात. २०१४-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आधी उपचार झालेल्यांमध्ये तो ११.६ टक्के होता. पण नव्या रुग्णांतही २.८४ टक्के. या नव्यांनी कुठली गोळी अर्ध्यावर सोडली होती? त्यांनी दुसऱ्याचा तयार झालेला जंतू श्वासातून घेतला.

तो तयार कसा होतो? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईतल्या १०६ खाजगी डॉक्टरांना क्षयाची चिठ्ठी लिहायला सांगितले. त्यांनी ६३ वेगवेगळे उपचार लिहिले, आणि बरोबर निघाले फक्त ६! पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणारे चार रुग्ण जाहीर केले. सरकारने वाद घातला तो त्या आजाराच्या नावावर. मे २०१२ मध्ये मात्र प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले.

आजही माग काढणारे रुग्णाच्या घरापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. चिठ्ठी कुणी लिहिली, खोलीला खिडकी का नाही, हे त्या फॉर्ममध्ये नसते. गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींच्या २०१८ मधल्या पाहणीत, जिथे ऊन-वारा पोचत नाही त्या घरांत क्षय जास्त आढळला होता. त्या इमारतींचे नकाशे कुणीतरी सही करून मंजूर केलेले आहेत.

म्हणून वस्तीत जाताना आपण दोन गोष्टी मागू या: सीबीनॅटचा रिपोर्ट, ज्यात रिफाम्पिसिन चालेल की नाही ते दोन तासांत कळते, आणि रुग्णाच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या, तारखांसह.