हाटपिपल्याचा नृसिंह आणि पडद्यावरचे अवतार

माळव्यात देवास जिल्ह्यात, बागलीच्या बाजूस, हाटपिपल्या हे बाजाराचे गाव आहे. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी यांचे हे जन्मगाव; परंतु पंचक्रोशीत त्याची ख्याती आहे ती तेथल्या नृसिंहाच्या मूर्तीमुळे. भाद्रपद शुद्ध एकादशीस, म्हणजे माळव्यात जिला डोल ग्यारस म्हणतात त्या दिवशी, मिरवणुकीने ही मूर्ती भमोरी नदीवर नेतात आणि पुजारी ती तीन वेळा पाण्यावर सोडतो. मूर्ती पाषाणाची आहे. तीनही वेळा ती तरंगली तर वर्ष चांगले, एखाद्या खेपेस बुडाली तर वर्षाच्या तितक्या भागाची काळजी, असा हिशेब काठावर जमलेले लोक मांडतात. पाषाण तरंगतो कसा, या प्रश्नात मी शिरत नाही. मला लक्षणीय वाटते ते काठावरच्या लोकांचे वागणे. प्रल्हादाची कथा त्यांच्यातील पोरासोरांनाही पाठ आहे. खांबातून कोण निघणार आणि उंबरठ्यावर काय होणार, हे कोणी कोणाला विचारीत नाही. देव यंदा कसा वागला, एवढेच त्यांना पाहावयाचे असते, आणि त्याविषयीचे मत ते तिथल्या तिथे, मोठ्याने देतात.

हाच नृसिंह 25 जुलै 2025 रोजी देशभरच्या पडद्यांवर अवतरला. अश्विन कुमार यांनी दिग्दर्शित केलेला ‘महावतार नरसिंह’ हा चित्रपट जिवंत नटांचा नव्हे, संगणकावर रेखाटलेल्या चलच्चित्रांचा आहे. योगायोग असा, की अमेरिकेतील मार्व्हल संस्थेचा ‘फँटॅस्टिक फोर’ हा नवा महावीरपट त्याच दिवशी प्रदर्शित झाला. पहिल्या दिवशी नृसिंहाकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. पुढे तोंडोतंडी कीर्ती वाढत गेली, आणि भारतीय चलच्चित्रपटांत उत्पन्नाच्या दृष्टीने तो सर्वांच्या पुढे गेला. अनेक ठिकाणी प्रेक्षकांनी पादत्राणे बाहेर काढून ठेवली, चित्रपटगृहात भजने म्हटली, अशी वृत्ते आली. ती वाचून ज्यांना नवल वाटले त्यांना दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहना’ची आठवण राहिलेली नसावी. 1917 साली तो मूकपट लागला तेव्हा राम पडद्यावर येताच प्रेक्षक हात जोडीत, असे सांगतात. आणि त्या रामाची व सीतेची, दोन्ही कामे अण्णा साळुंखे या एकाच नटाने केलेली होती.

या नव्या चित्रपटाविषयी चाहत्यांत मते पुष्कळ आहेत आणि ती सरळ दोन बाजूंस वाटली जात नाहीत. तरुणांना नृसिंह प्रकट झाल्यानंतरचे दीर्घ युद्ध आवडले. त्यासाठी काहींनी तो पुन्हा पाहिला. पूर्वार्धातील मनुष्याकृतींच्या हालचाली ताठर आहेत, हे मात्र त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी कबूल केले. वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींचे म्हणणे असे, की भागवतात कथेचा जीव प्रल्हादाच्या बोलण्यात आहे आणि देव क्षणभर येऊन जातो. पडद्यावर मात्र देवाने रणांगण व्यापले. हा आक्षेप खोटा नाही. पण वेरूळच्या पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्यात, आठव्या शतकातल्या शिल्पकाराने नेमके हेच केले आहे. त्याचा हिरण्यकशिपू मांडीवर आडवा पडलेला नाही. ढाल-तलवार घेऊन तो उभा आहे आणि नृसिंह त्याच्याशी समोरासमोर भिडला आहे. याउलट रामटेकच्या टेकडीवर वाकाटककालीन केवल-नृसिंह आहे. त्याच्यापाशी हिरण्यकशिपूच नाही. हाती चक्र धरून तो निवांत बसला आहे. दोघेही आपल्याच भूमीतले. नृसिंह उग्रच असला पाहिजे किंवा शांतच असला पाहिजे, असा आग्रह त्या काळी कोणी धरला होता असे दिसत नाही.

येथून पुढचा प्रश्न अधिक गहन आहे. हा चित्रपट एकटा नाही. निर्मात्यांनी सात चित्रपटांची माला जाहीर केली आहे: नरसिंहानंतर 2027 साली परशुराम, 2029 साली रघुनंदन, 2031 साली द्वारकाधीश, 2033 साली गोकुलानंद, आणि 2035 व 2037 साली दोन भागांत कल्की. बारा वर्षांचा हा संकल्प म्हणजे एक तपच. अमेरिकन महावीरपटांची मालिका ‘आयर्न मॅन’पासून, म्हणजे 2008 पासून चालली आहे आणि 2019 नंतर तिच्या निष्ठावंत चाहत्यांनाही तिचा कंटाळा येऊ लागल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे एक कारण त्या नायकांच्या जन्मातच आहे. 1938 साली सुपरमॅन चित्रकथेच्या मासिकात जन्मला. पुढच्या अंकासाठी त्याला उरावेच लागे, आणि खलनायकालाही. आपला अवतार एका कार्यासाठी येतो आणि कार्य संपले की जातो. हिरण्यकशिपू पुढच्या भागात परत येत नाही. आपल्या निर्मात्यांनी ही अडचण सोडवली ती दशावतारांचीच मालिका करून, आणि ही युक्ती मला मनापासून दाद देण्याजोगी वाटते.

तथापि ती त्यांची नव्हे. कोकणात आणि गोव्यात ती निदान अडीच-तीनशे वर्षे चालत आली आहे. दशावतारी खेळाच्या आडदशावतारात गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग काळा संकासुर वेद पळवतो, लोकांना हसवून हसवून दमवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. झाला मत्स्यावतार. त्यानंतर रात्रभर चालते ते आख्यान, आणि ते दहांपैकी एखाद्या अवताराचेच असेल असे मुळीच नाही. नाव दहांचे, रंगभूमीवर नेमाने अवतार एक. उरलेले कोणते आणि कसे दाखवावयाचे, हे कंपनी, जत्रेचे गाव आणि पहाट होण्यास उरलेला वेळ यांवर ठरे. संवाद लिहिलेले नसत. आजही बहुधा नसतात. समोरचा गाबीत, कुळवाडी, भट, वाणी दाद देतो की घोंगडी पांघरून झोपतो, हे पाहून नट भाषण लांबवी किंवा आटोपते घेई. संकासुराने मालवणीत काय बोलावे यावर गावाचे नियंत्रण असे, परंतु ते आधी नव्हे, समक्ष. 2025 च्याच सप्टेंबरात आलेल्या, सुबोध खानोलकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘दशावतार’ या मराठी चित्रपटाने हा धागा पकडला. त्यात दिलीप प्रभावळकरांनी वृद्ध दशावतारी नट उभा केला आहे आणि अवतारांचा रोख कोकणची भूमी गिळू पाहणाऱ्यांवर आहे. तो पाहून बाहेर पडणाऱ्या चाहत्याला ‘पुढचा भाग केव्हा’ असे विचारावेसे वाटत नाही, हे मला त्याच्या बाजूचेच वाटते.

बारा वर्षे आधी क्रम छापून टाकल्यावर समक्ष नियंत्रणाला जागा किती उरते? क्रमातच पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गोकुळातला बाळकृष्ण द्वारकेच्या राजानंतर दोन वर्षांनी यावयाचा आहे. फाळक्यांनी 1918 साली ‘श्रीकृष्णजन्म’ केला, 1919 साली आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून ‘कालियामर्दन’ केला, आणि लोकांनी त्या पोरीला डोक्यावर घेतले. क्रम उलटला तर काही पाप होत नाही, हे खरे. वामन मात्र यादीत नाही. बुद्धही नाही. मराठी माणसाला या दोन रिकाम्या जागा जाणवल्यावाचून राहणार नाहीत. जुन्या पंचांगांवरच्या छापील दशावतारात नवव्या स्थानी, बुद्धाच्या जागी, कटीवर कर ठेवून विठोबा उभा असे. दहाव्या अवताराला दोन चित्रपट आणि नवव्याला एकही नाही, हा हिशेब पंढरीच्या वाटेवर कोणाला समजावून सांगता येईल असे वाटत नाही. विठोबाच्या हाती शस्त्र नाही आणि तो कोणाशी लढत नाही, हेच त्याच्या अनुपस्थितीचे कारण असेल काय?

वामनाची गोष्ट वेगळी. त्याला गाळले, कदाचित शहाणपणानेच. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे बळीचे राज्य येवो असे म्हणतात. ते वामनाचे राज्य येवो असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार एकेक करून तपासले, आणि त्यांच्या वाचनात बळी हा शेतकऱ्यांचा राजा ठरला. त्यांच्या मते नृसिंह म्हणजे सोंग घेऊन खांबाआड दडलेला कपटी. हे वाचन ज्यांना पटत नाही त्यांनीही एक गोष्ट मान्य करावी: अवतारकथेतील नायक कोण, हा प्रश्न मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच जाहीरपणे विचारला गेला आहे. हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम या पाच भाषांत आलेल्या चित्रपटाच्या लेखकांना ते ठाऊक असेल किंवा नसेल.

आणि पुढचा चित्रपट परशुरामाचा आहे, म्हणजे थेट आपल्या अंगणातला. बाण सोडून समुद्र मागे सारणारा आणि कोकण वसवणारा परशुराम ही आपल्या किनाऱ्याची जन्मकथा. चिपळूणजवळ पेढे येथे त्याचे देऊळ आहे. 1727 साली अंजनवेलच्या सिद्दी साताने त्याची नासधूस केली तेव्हा ब्रह्मेंद्रस्वामींनी केवढे काहूर माजवले, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. गोव्यात काणकोणकडे पैंगीणलाही परशुराम आहे. फुल्यांनी मात्र याच परशुरामाला, तू चिरंजीव असशील तर समोर ये, अशा आशयाची नोटीस ‘गुलामगिरी’त दिली. एकवीस वेळा निःक्षत्रिय पृथ्वी करणारा वीर युद्धपटास हवा तसा आहे. चाहत्यांपैकी अनेकांना नृसिंहाहून मोठे रणकंदन त्यात हवे आहे. पण ती क्षत्रियांची कत्तल महाराष्ट्रात कोणी कोणत्या आसनावर बसून पाहावी, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. इकडे देवास आणि धार ही दोन्ही पवारांची संस्थाने. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्या पदरी 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस होता. त्याने तेथला गोकुळाष्टमीचा उत्सव पाहून ठेवला. मराठा राजा स्वतः देवापुढे नाचत होता, ते दृश्य तो विसरला नाही. त्या माळव्यातले मराठे परशुरामाला कसे घेतील, ते मला सांगता येत नाही.

शिवाय रेणुका आहे. माहूरच्या गडावर तिचा केवळ मुखवटा पुजला जातो, आणि महाराष्ट्रातील कितीतरी घरांची, ब्राह्मणांची तशीच मराठ्यांची, ती कुलस्वामिनी आहे. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने जिचे मस्तक उडवले ती हीच. पुराण म्हणते, की वर मागावयास सांगितल्यावर त्याने पहिला वर आईला उठवण्याचा मागितला, आणि आपल्याला मारले होते हे तिला आठवू नये, असाही. कीर्तनकार या जागी आवाज खाली आणतो, टाळ थांबतात, आणि परशू पडतो तो श्रोत्याच्या मनात. पडद्यावर तो घाव दाखवावयाचा, की जमदग्नीच्या क्रोधावरून थेट वरदानापाशी यावयाचे, हे 2027 च्या आत अश्विन कुमारांना ठरवावे लागेल. त्या दिवशी पुढच्या रांगेत रेणुकेची परडी भरणाऱ्या घरची एखादी आजी नातवाला घेऊन बसलेली असेल.