घाट आधी की नाला आधी?

मुंबई-रत्नागिरीकडचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "तुमच्या इंदूरला समुद्र नाही, मग संध्याकाळी फिरायला जाता कुठे?" आम्ही त्यांना राजवाड्यावरून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर नेतो. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या या छत्र्या खान नदीच्या काठी उभ्या आहेत. पाहुणे नक्षीकाम पाहून खूश होतात. मग नदीकडे पाहतात आणि गप्प होतात.

मंदसौरच्या तहानंतर १८१८ साली होळकरांची राजधानी इंदूरला आली, तेव्हा खान आणि सरस्वती या नद्या गावाचे अंगण होत्या. गावाला ज्यावरून नाव मिळाले ते इंद्रेश्वराचे मंदिर जुन्या इंदुरात, याच नद्यांच्या परिसरात आहे. पुढे कापड गिरण्या आल्या, वस्ती वाढली, आणि घरांनी नदीकडे पाठ केली. पाठीमागच्या मोऱ्या अर्थातच नदीत उतरल्या.

हे ओळखणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे येऊन गेला. प्लेगच्या दिवसांत, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस येथे आले. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले, की ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ, त्याच रस्त्यांवरून ती जाईल. लोक घरे झाडायला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचीही प्रतिमा होती. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्यांसाठी रात्र जागवणाऱ्या आपल्या गावाला ही युक्ती समजायला वेळ लागला नसेल! १९१८ साली त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. आधी घाण जाते कुठे ते पाहा, मग शोभा करा, एवढाच बोध आम्ही या साऱ्यातून घेतो.

१९७८ साली सुमारे सत्तर किलोमीटरवरून नर्मदेचे पाणी आले. इंदूरची तहान भागली, पण घरात जितके पाणी येते त्यातले बहुतेक सांडपाणी होऊन बाहेर पडते. गटारांची व्यवस्था मागे पडली आणि खान नदी 'नाला' झाली.

२०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत इंदूर आले आणि नदीकाठ सुधारण्याचे काम निघाले. काठच्या अनेक कुटुंबांना घरे सोडून दूरच्या सदनिकांत जावे लागले. सुशोभनाची ती किंमतही लक्षात ठेवायला हवी. पुढे नदीत उघडणारे नळ शोधून ते मलवाहिनीला जोडण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातले पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरले. कोरड्या पडलेल्या नाल्यात मुले क्रिकेट खेळली, हे आपण पाहिलेच आहे.

त्या क्रिकेटमध्येच खरी अडचण दिसते. सांडपाणी थांबले की पावसाळ्याखेरीज या नदीत फारसे पाणीच उरत नाही. अहमदाबादला साबरमतीत नर्मदा कालव्याचे पाणी सोडतात, म्हणून तिथला काठ भरलेला दिसतो. आपल्याकडे शुद्ध केलेले सांडपाणी हाच बारमाही प्रवाह. म्हणजे शुद्धीकरण केंद्र नीट चालले तरच घाटाला अर्थ. शिवाय ही नदी पुढे उज्जैनला क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी तिचे पाणी स्नानाच्या घाटांपासून दूर नेण्यासाठी वेगळी जलवाहिनी टाकावी लागली. आपल्या मोरीचे पाणी दुसऱ्याच्या तीर्थात जाऊ नये, म्हणून!

आम्ही सरकारी नोकर, डिप्लोमा करून नकाशे आणि ढाळ पाहण्यात उमर चालली. तरीही नळ शोधणारी माणसे गल्लीत आली, तेव्हा आमच्याच जुन्या वाड्याची मोरी थेट नदीत निघाली. आजोबांच्या काळापासून तशीच. लाज वाटली आणि आठवड्यात जोडणी करून घेतली.

जुन्या घरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना एकच विनंती. यंदा आरास उतरवल्यावर मागच्या दारी जाऊन आपले पाणी कुठे जाते ते एकदा पाहून या. पुढच्या वर्षी पाहुण्यांना घेऊन आम्हाला पुन्हा छत्र्यांवर जायचे आहे.