फ्रान्सचे पिवळे दिवे

एकेकाळी रात्री समोरून येणारी गाडी फ्रान्समधली आहे, हे तिच्या पिवळ्या दिव्यांवरून ओळखता येई. ही हौस नव्हती, कायदा होता. १९३४ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने नोंदवले की, निळा भाग गाळलेल्या प्रकाशाने डोळे कमी दिपतात आणि धुक्यात तो कमी विखुरतो. नोव्हेंबर १९३६ मध्ये कायदा झाला. एप्रिल १९३७ नंतर नोंदवलेल्या गाड्यांना पिवळे दिवे सक्तीचे झाले.

हा युक्तिवाद आपण तपासून पाहू. हवेचे रेणू अतिसूक्ष्म असल्याने निळा प्रकाश जास्त विखुरतात. म्हणून आकाश निळे दिसते. धुक्याचे थेंब मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठे असतात. ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून धुके पांढरे दिसते. म्हणजे धुक्याचा मुद्दा टिकत नाही.

डोळे दिपण्याचे काय? तेवढ्याच तेजाचा निळसर प्रकाश डोळ्यांना अधिक खुपतो, हे खरे. पण पिवळ्या काचेतून एकूण प्रकाशही सुमारे १५ टक्के कमी येतो. मग आराम मिळाला तो रंगामुळे, की मंद उजेडामुळे? हा वाद मिटला नाही. १९९३ मध्ये सक्ती उठली ती युरोपीय देशांचे नियम एकसारखे करण्यासाठी.

वर्गात टॉर्चवर पिवळा जिलेटिन कागद लावताना आपणही मुलांना विचारावे : बदलली ती एकच गोष्ट, की दोन?