पडशी आणि पंगत

वारी म्हणजे श्रद्धेचा लोंढा, असे म्हणतात. आम्हां कामगार-चळवळीतल्या माणसांना तीत संघटना दिसते. ज्ञानेश्वरांच्या पालखीला ही शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे व तंबू दिले. दिंड्यांचा क्रम ठरला, मुक्काम ठरले. दिंडीने वर्गणी काढावी, शिधा आणि वळकट्या गाडीत घालाव्यात. मग वारकऱ्याच्या खांद्यावर पताका आणि हलकी पडशी, एवढेच राहते.

परंतु वाट एक असूनही एकाच दिंडीत जातींच्या पंगती वेगळ्या होत्या, हे इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवले आहे. पंढरीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. ओझे वाटून घेतले, तशी पंगतही वाटून घेतली पाहिजे. त्यावाचून संघटना पुरी होत नाही.